‘आपण’ आणि ‘ते’

[नभोवाणीवरून झालेलें भाषण]



आजच्या भाषणाचा आरंभ मी माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीपासून करणार आहें. इयत्ता सातवीचा वर्ग माझ्याकडे होता. मुलांना अभ्यासाची ईर्ष्या वाटावी म्हणून मीं वर्गाचे दोन संघ केले. निवड अशी कांहींच नव्हती. हजेरीपटावरील विषम क्रमांकांचा एक संघ, सम क्रमांकांचा दुसरा. शुद्धलेखन, पाठांतर, स्वच्छता यांचे गुण रोज फळ्याच्या कोपऱ्यांत मांडावयाचे आणि महिनाअखेर जिंकणाऱ्या संघास पुस्तकें द्यावयाचीं, असा बेत होता. पहिल्या आठवड्यांत वर्गांत जें चैतन्य आलें तें पाहून मी स्वतःवर खूष झालों. तिसऱ्या आठवड्यांत एके दिवशीं मधल्या सुटीनंतर वर्गांत येतों तों फळा स्वच्छ पुसलेला आणि मुलें हातघाईवर आलेलीं. मागें पडलेल्या संघांतील एका मुलानेंच गुण पुसले, असें दुसऱ्या संघाचें एकमुखी म्हणणें. "मी त्याला फळ्यापाशी पाहिलं," असें एकानें छातीवर हात ठेवून सांगितलें. हा साक्षीदार म्हणजे त्या मुलाचा जिवलग मित्र. दोघे एकाच सायकलवरून शाळेंत येत. मित्रच साक्ष देतो तेथें आणखी पुरावा कसला हवा, असें मला वाटलें. मीं त्या मुलाला उभें करून बोललों आणि त्याच्या संघाचे दहा गुण कापले. शाळा सुटतांना शिपायानें सहज सांगितलें कीं, त्या दिवशीं सुटींत त्यानें सगळ्या वर्गांचे फळे पुसून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशीं मीं वर्गापुढें माफी मागितली. साक्ष देणाऱ्या मुलाला विचारलें, तेव्हां तो रडवेला होऊन म्हणाला, "सर, मला खरंच तसं दिसलं होतं." तो खोटें बोलत नव्हता, अशी माझी आजहि खात्री आहे, आणि तीच गोष्ट मला अधिक भयंकर वाटते. हजेरीपटावरील आंकड्याखेरीज ज्यांच्यांत कसलाहि भेद पडला नव्हता, अशा दोन मित्रांपैकीं एकाच्या डोळ्यांना दुसरा तीन आठवड्यांत अपराधी दिसूं लागला होता.

पूर्वग्रह म्हणजे पुरावा पाहण्यापूर्वींच केलेला निवाडा. तो मनांत कोठून येतो आणि त्यांतून मारहाणीपर्यंत मजल कशी जाते, हा आजचा विषय आहे. आपली नेहमींची समजूत अशी कीं, द्वेष करणारी माणसें मूळचीच दुष्ट असतात, किंवा त्यांच्यांत कांहीं तरी जुनें वैर असतें. मानसशास्त्रज्ञांनीं आणखी एक कारण सुचविलें. अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे जॉन डोलार्ड आणि त्यांचे सहकारी यांनीं १९३९ सालीं असा सिद्धान्त मांडला कीं, इच्छेला अडथळा आला, निराशा पदरीं पडली, म्हणजे मनुष्य आक्रमक होतो; आणि ज्यानें अडविलें तो बलवान् असेल, तर राग दुबळ्यावर निघतो. आपल्याकडे यालाच वड्याचें तेल वांग्यावर काढणें म्हणतात. पुढें १९४१ सालीं त्या सहकाऱ्यांपैकींच एक, नील मिलर, यांनीं कबूल केलें कीं निराशेंतून दर वेळीं आक्रमणच निघतें असें नाहीं. तें असो. या सिद्धान्तानें तेल कां तापतें तें कळलें. परंतु तें नेमकें त्याच वांग्यावर कां पडतें, याचा उलगडा होत नाहीं. तो उलगडा करण्याचा यत्न ज्यांनीं केला, त्यांत मुझफर शेरीफ यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल.

शेरीफ यांचा जन्म १९०६ सालीं तुर्कस्तानांत इझ्मीर शहराजवळच्या ओडेमिश गांवीं झाला. त्यांचें बाळपण बाल्कन युद्ध, पहिलें महायुद्ध आणि मागाहून झालेलें ग्रीक-तुर्क युद्ध यांच्या छायेंत गेलें. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शेजारीं राहिलेलीं माणसें एकमेकांवर कशीं उठतात, हा त्यांच्या दृष्टीनें केवळ पुस्तकी प्रश्न नव्हता. पुढें ते अमेरिकेंत स्थायिक झाले. आणि १९५४ सालच्या उन्हाळ्यांत ओक्लाहोमा संस्थानांतील रॉबर्स केव्ह नांवाच्या वनोद्यानांत त्यांनीं जो प्रयोग केला, तो जगभर प्रसिद्ध झाला.

या प्रयोगासाठीं त्यांनीं अकरा-बारा वर्षांचीं बावीस मुलें निवडलीं. सारीं एकाच वर्णाचीं, एकाच धर्मपंथाचीं, सुस्थितींतील मध्यम घरांतलीं, शाळेंत नीट चालणारीं, आणि एकमेकांस पूर्वीं न ओळखणारीं. जुनें वैर, दारिद्र्य, वर्णभेद यांपैकीं कोणत्याहि कारणाकडे बोट दाखवितां येऊं नये, हा हेतु. मुलांना आपण सुटींतल्या शिबिराला आलों आहों एवढेंच ठाऊक. अकरा-अकरांच्या दोन तुकड्या निरनिराळ्या मोटारींतून आणून अरण्याच्या दोन बाजूंना उतरविल्या. जवळजवळ आठवडाभर एका तुकडीला दुसरीची वार्ताहि नव्हती. पोहावें, स्वयंपाक करावा, ओझीं वाहावीं, असा कार्यक्रम चालला आणि प्रत्येक तुकडींत आपला पुढारी, आपले संकेत, आपलें निशाण हीं आपोआप तयार झालीं. एका तुकडीनें ‘रॅटलर्स’, म्हणजे शेपटीचा खुळखुळा वाजविणारे विषारी साप, असें नांव घेतलें. दुसरीनें ‘ईगल्स’, म्हणजे गरुड. आपल्या पुराणांतील गरुड-सर्पांचें वैर प्रसिद्ध आहे; पण या मुलांच्या नांवांत कसलेंहि वैर नव्हतें.

मग दोन्ही तुकड्यांचे सामने ठरले. बेसबॉल, रस्सीखेच, तंबू ठोकणें असे खेळ. आणि जिंकणाऱ्या तुकडीस करंडक, व मुलांना पदकें आणि चाकू. हरणारांस कांहीं नाहीं. पहिल्याच दिवशीं रस्सीखेचींत हरलेल्या गरुडांनीं सर्पांचें निशाण जाळलें. दुसऱ्या दिवशीं सर्पांनीं त्याची फेड केली. रात्रीं एकमेकांच्या झोपड्यांवर छापे पडूं लागले, सामानाची नासधूस झाली, शिव्यांची लाखोली वाहिली गेली. शेवटीं गरुड जिंकले, तेव्हां सर्पांनीं त्यांचीं पदकें आणि चाकू पळविले. मोठ्या माणसांना मध्यें पडून मुलांस ओढून बाजूला करावें लागलें. आपण शूर, ते भित्रे. आपण सरळ, ते लबाड, अशीं ठाम मतें बनलीं होतीं. हीं मुलें एका पंधरवड्यापूर्वीं एकमेकांना पूर्णपणें अपरिचित होतीं, हें ध्यानांत ठेवावें.

या प्रयोगांतील एक लहानशी गोष्ट माझ्या मनांत कायमची रुतून बसली आहे. गवतांत घेवड्याच्या बिया विखरून ठेवल्या आणि ठराविक वेळांत प्रत्येक मुलानें शक्य तितक्या वेंचाव्या अशी शर्यत लावली. मागाहून, अमक्यानें वेंचलेल्या बिया या, असें सांगून त्या पडद्यावर क्षणभर दाखविल्या आणि त्या किती असाव्या, तें मुलांना विचारलें. वास्तविक दर वेळीं दाखविलेल्या बिया सारख्याच, पस्तीस होत्या. परंतु आपल्या गड्याच्या म्हणून दाखविल्या तर त्या मुलांना अधिक दिसत आणि प्रतिपक्षाच्या म्हणून दाखविल्या तर कमी दिसत. मुलें लबाडी करीत नव्हतीं. त्यांच्या डोळ्यांनींच पक्ष घेतला होता. हें वाचलें त्या दिवशीं मला माझ्या वर्गांतील तो साक्षीदार आठवला आणि त्याच्या बोलण्याचा अर्थ लागला. आपली समजूत अशी कीं, आपण आधीं पाहतों आणि मग मत बनवितों. पुष्कळदां मत आधीं बनतें आणि डोळे त्याची चाकरी करतात.

हा विरोध मिटवावयाचा कसा? शेरीफ यांनीं प्रथम दोन्ही तुकड्यांना नुसतें एकत्र आणून पाहिलें. एकत्र चित्रपट दाखविले, एका भोजनगृहांत जेवूं घातलें. परिणाम असा झाला कीं, मुलें एकमेकांच्या अंगावर अन्न फेंकूं लागलीं. एका छपराखालीं बसलीं म्हणजे मनें जुळतात, हा भ्रम त्या भोजनगृहांत संपला.

त्यानंतर त्यांनीं दुसरी वाट धरली. एके दिवशीं शिबिराचें पाणी बंद पडलें. टांकी डोंगरावर, नळाचा मार्ग लांब. दोन्ही तुकड्यांनीं तो शोधीत जाऊन टांकीच्या नळांत कोंबलेलें पोतें काढलें, तेव्हां सर्वांना पाणी मिळालें. पुढें एका चित्रपटाचें भाडें देण्यास पैसे अपुरे पडतात असें सांगितलें. मुलांनीं हिशेब करून दोन्हीकडून वर्गणी काढली. आणखी एकदां जेवण आणावयास निघालेली मालमोटार सुरूच होईना. मुलांनीं दोर आणला आणि साऱ्यांनीं मिळून ती ओढली. तो दोर रस्सीखेचीचाच होता. पूर्वीं त्याच्या दोन टोंकांना दोन तट होते, आतां सारे एका बाजूला होते. एका प्रसंगानें वैर गेलें नाहीं. पाणी आल्यावर जो जल्लोष झाला त्यानंतरहि शिव्यागाळ झालीच. परंतु असे प्रसंग एकामागून एक आले, तसतसा विखार उतरत गेला. परततांना मुलांनीं एकाच मोटारींतून जाण्याचा आग्रह धरला. आणि सर्पांनीं बक्षिसांत मिळविलेल्या पांच डॉलरांतून वाटेंत सर्वांना दूध पाजलें.

ही गोष्ट इतकी गोड आहे कीं, येथेंच थांबण्याचा मोह होतो. परंतु तसें करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. शेरीफ यांनीं याच्या आदल्या वर्षीं, १९५३ सालीं, न्यूयॉर्क संस्थानांत असाच एक प्रयोग आरंभिला होता. तेथें सर्व मुलें प्रथम एकत्र राहिलीं होतीं, त्यांची मैत्री जमली होती आणि मग तुकड्या पाडण्यांत आल्या. वितुष्ट वाढावें म्हणून शिबिरांतील मोठ्या माणसांनीं गुपचुप खोड्या केल्या. पण मुलांचा संशय एकमेकांवर न जातां त्या माणसांवरच गेला, आणि प्रयोग सोडून द्यावा लागला. मुलांना न सांगतां त्यांच्यांत भांडणें लावणें योग्य होतें काय, हाहि प्रश्न आहेच. आज अशा प्रयोगास कोणी संमति देणार नाहीं. मला मात्र या फसलेल्या प्रयोगाचा धडा यशस्वी प्रयोगाइतकाच मोलाचा वाटतो. आधींची ओळख हें फुटीवरचें चिलखत आहे. आणि आपल्यांत फूट पडत आहे असें दिसतांच, ही कोण पाडतो, असें विचारणारीं मुलें सहजासहजीं फसत नाहींत. माझ्या वर्गांत ती कोणीं पाडली होती, हें वेगळें सांगावयास नकोच.

कोणी म्हणेल कीं, स्पर्धा आणि बक्षीस यांमुळें हें सारें घडलें. तीं काढून टाकलीं म्हणजे झालें. याचें उत्तर हेन्री ताजफेल यांच्या प्रयोगांतून मिळतें. ताजफेल हे १९१९ सालीं पोलंडांत जन्मलेले ज्यू. दुसऱ्या महायुद्धांत ते फ्रेंच सैन्यांतून लढतांना जर्मनांचे कैदी झाले आणि सुटून आले तेव्हां त्यांचें बहुतेक कुटुंब मारलें गेलेलें होतें. पुढें इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें, १९७० च्या सुमारास, त्यांनीं चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांवर अगदीं साधा प्रयोग केला. पडद्यावर ठिपके दाखवून त्यांची संख्या अजमावण्यास सांगितलें आणि मग, तूं जास्त सांगणाऱ्यांपैकीं, तूं कमी सांगणाऱ्यांपैकीं, असें प्रत्येकास कळविलें. वांटणी खरोखर वाटेल तशी केलेली होती. नंतर प्रत्येकानें एकट्यानें बसून इतर दोघांना थोडे पैसे वांटून द्यावयाचे. ज्यांना द्यावयाचे त्यांचें नांव ठाऊक नाहीं, तोंड दिसत नाहीं, स्वतःला एक पैहि मिळावयाची नाहीं. तरीहि मुलांनीं आपल्या गटाकडे झुकतें माप टाकलें. दुसऱ्या एका प्रयोगांत तर, आपल्या गटाला थोडें कमी मिळालें तरी चालेल पण दुसऱ्याला त्याहून कमी मिळावें, अशीच वांटणी बऱ्याच मुलांस पसंत पडली. शेजाऱ्याचे दोन्ही डोळे जावेत म्हणून स्वतःचा एक डोळा घालविणाऱ्या माणसाची गोष्ट आपल्या आज्या सांगत, त्यांना हें रहस्य पूर्वींच उमगलें होतें. येथें एक भेद मात्र जपला पाहिजे. आपल्या माणसांविषयीं वाटणारी ओढ म्हणजे दुसऱ्यांचा द्वेष नव्हे. ओढ स्वाभाविक आहे; भीति, हेवा आणि चिथावणी यांची तिला जोड मिळाली म्हणजे तिचा द्वेष होतो.

आतांपर्यंत सांगितलेल्या साऱ्या उदाहरणांतील दोन्ही तट बरोबरीचे होते. समाजांत तसें क्वचितच असतें. एक तट शतकानुशतकें वर आणि दुसरा खालीं, अशी जेथें रचना आहे तेथें काय होतें, तें पाहण्यास आपल्याला दूर जावें लागत नाहीं. १९२३ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला कीं, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुले असावेत. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें चवदार तळें खुलें केलें, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं परिषदेचे प्रतिनिधि तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर थोड्याच वेळांत गांवांत आवई उठली कीं, हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार आहेत. तसा बेत मुळींच नव्हता. परंतु जमाव काठ्या घेऊन धांवला आणि मंडपांत जेवत असलेल्या, रस्त्यानें परत चाललेल्या माणसांना त्यानें झोडपून काढलें. डॉ. आंबेडकरांनीं आपल्या लोकांना हात उगारूं दिला नाहीं. पुढें तळ्यांत शेण, गोमूत्र वगैरे ओतून तें ‘शुद्ध’ करण्यांत आलें. तळें सर्वांचें आहे, हा न्याय उच्च न्यायालयांतून मिळण्यास १९३७ साल उजाडावें लागलें.

या घटनेंत अफवेनें केलेलें काम पाहण्यासारखें आहे. देवळाची गोष्ट कोणीं पाहिली नव्हती, तरी ती शेंकडों लोकांना क्षणांत पटली. कारण ती खरी ठरविण्यासाठीं लागणारा संशय मनांत तयारच होता. पडद्यावरील पस्तीस बिया आणि महाडची आवई या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. मात्र येथें आणखी एक गोष्ट दिसते. जीं माणसें आजवर खालीं उभीं होतीं तीं बरोबरीनें उभीं राहूं लागलीं, एवढाच त्यांचा अपराध होता. आणि ज्यांची पायरी हालली त्यांना तेंच आक्रमण वाटलें.

अशा ठिकाणीं मालमोटार मिळून ओढण्याचा उपाय चालला असता काय? मला तसें वाटत नाहीं. खेड्यापाड्यांतून दोन्ही बाजूंचीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या एकाच शिवारांत राबत आलीं होतीं. तरी पाण्याचा घडा वेगळाच राहिला. कारण तें काम एकत्र असलें, तरी बरोबरीचें नव्हतें. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५४ सालींच पूर्वग्रहावर जो ग्रंथ लिहिला, त्यांत हें स्पष्ट सांगितलें आहे. सहवासानें पूर्वग्रह वितळावा असें वाटत असेल, तर त्या सहवासांत दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवें, तें गांठण्यासाठीं परस्परांचें साह्य घ्यावें लागलें पाहिजे, आणि कायदा व वडीलधारी मंडळी यांचा त्याला उघड पाठिंबा हवा. २००६ सालीं टॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनीं अशा ५१५ अभ्यासांची एकत्र छाननी केली. सहवासानें पूर्वग्रह सर्वसाधारणपणें कमी होतो, आणि ऑलपोर्टच्या अटी पाळल्या म्हणजे तो अधिकच कमी होतो, असें त्यांना आढळलें. तेव्हां समतेच्या मागणीला ऐक्याचा भंग म्हणणारांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, समता ही ऐक्यानंतर मिळणारी दक्षिणा नव्हे. ती त्याची पहिली अट आहे.

शाळामास्तराला उपयोगी पडेल असें एक उदाहरण देतों. टेक्सास संस्थानांतील ऑस्टिन शहरीं वर्णभेदाच्या भिंती काढून गोरीं, काळीं आणि मेक्सिकन वंशाचीं मुलें एका वर्गांत बसविलीं, तेव्हां मारामाऱ्या होऊं लागल्या. १९७१ सालीं एलियट ॲरन्सन यांना तेथें बोलावण्यांत आलें. त्यांनीं पाहिलें कीं, शिक्षकानें प्रश्न विचारावा, हात वर व्हावे, एकाला शाबासकी मिळावी आणि बाकीच्यांनीं तो चुको अशी मनांत इच्छा धरावी, असा वर्गाचा क्रम आहे. त्यांनीं पांच-सहा मुलांचे मिश्र गट केले, धड्याचे तितकेच तुकडे केले आणि प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. आपला भाग त्यानें इतरांना शिकवावयाचा; परीक्षा साऱ्या धड्यावर. आतां अडखळत बोलणाऱ्या मुलाची टर उडवून भागेना. त्याचें बोलणें कळलें नाहीं तर आपलेंच गुण जाणार. कांहीं आठवड्यांत मुलांचें एकमेकांशीं वागणें निवळलें. त्या प्रकारानंतर मीं फळ्याच्या कोपऱ्यांतील गुण कायमचे पुसले आणि पुढें महाराष्ट्रांतील नद्यांचा धडा या रीतीनें शिकविला. चमत्कार झाला नाहीं. पण जो मुलगा वर्षभर तोंड उघडीत नसे, त्याच्याभोंवतीं पांच डोकीं वांकून कृष्णेच्या उपनद्या ऐकत असलेलीं मीं पाहिलीं.

आपण सुशिक्षित गृहस्थ. आपल्या हातून काठ्या उगारल्या जात नाहींत. परंतु जेवतांना, दिवाणखान्यांत, "ते लोक तसलेच," हे शब्द आपल्या घरांतहि उच्चारले जातात, आणि पानावर बसलेलें मूल ते ऐकत असतें. काठी उगारणाऱ्याला पुढें लागणारा संशय अशा सुसंस्कृत वाक्यांतूनच सांठत जातो. म्हणून कोणाविषयीं कांहीं वाईट ऐकलें आणि तें चटकन् पटलें, तर क्षणभर थांबून स्वतःस विचारावें: हें पुराव्यामुळें पटलें, कीं तें ‘त्यांच्या’विषयीं होतें म्हणून पटलें?

माझ्या वर्गांतील त्या दोघांचें पुढें काय झालें, असें आपण विचाराल. मीं माफी मागितली, संघ मोडले. पण तीं दोन मुलें वर्षअखेरपर्यंत वेगवेगळ्या सायकलींवरूनच शाळेंत आलीं. वैर लावण्यास मला तीन आठवडे पुरले होते. तें काढण्यास उरलेलें वर्ष पुरलें नाहीं. त्या दुपारीं शिपायाला एक प्रश्न विचारावयास अर्धें मिनिटहि लागलें नसतें.